यंत्रातले तेल खवट का होते?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वंगणतेलावर लेख लिहावा, ह्याचे विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणींना हसू येईल हे मला ठाऊक आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. तरीही हा विषय मी घेतला, कारण त्याने माझ्या हिशेबाच्या वहीत एक मोठी चूक करून ठेवली. नीट सांगायचे तर ती चूक मीच केली आणि तेलाने ती उघडी पाडली.

माझ्या मामांचा उद्यमबागेत लहानसा कारखाना आहे. एक हायड्रॉलिक प्रेस, तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि सहा माणसे. शनिवारी दुपारी कॉलेज सुटले की मी तिथले हिशेब लिहायला जाते. गेल्या वर्षी खर्चाच्या बाजू तपासताना 'वंगणतेल' ह्या खात्यावर माझी नजर गेली. प्रेसच्या टाकीत दोनशे लिटर तेल बसते. ते ठरावीक तासांनी पूर्ण बदलायचे असते, म्हणजे एक आख्खे बॅरल. जुने तेल तर टाकीत डोळ्यांना चांगले दिसत होते, पातळीही बरोबर होती. तेल काही झिजत नाही, मग बदलायचे कशाला? कमी पडेल तेवढे वरून घालावे, असा सल्ला मी मामांना दिला. नुकतेच कॉस्टिंग शिकत होते, त्यामुळे सल्ला देण्याची हौसही होती. मामांनी तो मानला.

उन्हाळ्यात एके दिवशी आमचे फिटर अण्णा कपाळ पुसत ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "तंगी, एण्णी कमट आगेती." मामांच्या कानावर घाल, असेही म्हणाले. अण्णा बैलहोंगलकडचे. मी मराठी माध्यमात शिकलेली, आणि माझे कन्नड बसमधले आणि बाजारातले, स्वयंपाकघरातले नव्हे. मी ऐकले 'कोमट'. मामांना सांगितले, "अण्णा म्हणताहेत तेल कोमट आहे." मामा म्हणाले, "मग बरं आहे, फार तापत नाही म्हणजे. दिवाळीनंतर बघू." कन्नड विभागाच्या वाचकांना एव्हाना हसू फुटले असेल. 'कमट' म्हणजे खवट. जुन्या तेलातुपाला जो वास येतो, तो.

जुलैत एका सुटीनंतरच्या सकाळी प्रेस सुरू केली तर रॅम खाली येईना. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आतला दांडा, ज्याला स्पूल म्हणतात, जागच्या जागी चिकटून बसला होता. त्याच्यावर तपकिरी रंगाचा पातळ, चकचकीत थर होता, जुन्या लाकडी कपाटाच्या वॉर्निशसारखा. फडक्याने तो निघेना. प्रेस चार दिवस बंद राहिली, एक ऑर्डर उशिरा गेली. मामा अण्णांवर सगळ्यांदेखत ओरडले, "तेल खराब झालं तर सांगायचं नाही होय?" अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते गप्प राहिले. मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते. संध्याकाळी घरी जाऊन मी मामांना सर्व सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी मामांनी अण्णांची सर्वांसमोर माफी मागितली. त्यानंतरच्या सुटीत तेल खवट होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायचा मी प्रयत्न केला. प्रस्तुत लेख त्याचेच फळ आहे.

शेंगदाण्याचे तेल, खोबरे, तूप खवट होते ते हवेतील ऑक्सिजनमुळे, हे आपण शाळेत शिकलो. जमिनीतून निघालेल्या खनिज तेलाचेही तसेच होते, फक्त त्याला जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. दोन्हीकडे मूळ घडामोड एकच: ऑक्सिडीकरण. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रबरावर संशोधन करणाऱ्या बोलँड आणि गी ह्या दोघांनी तिची साखळी मांडून दाखवली (त्यांचे लेखन १९४६ चे आहे), आणि रबर, खाद्यतेल, वंगण ह्या सर्वांना ती लागू पडते.

ती साखळी अशी. वंगणतेलाचा रेणू म्हणजे कार्बनची लांब माळ आणि तिला चिकटलेले हायड्रोजनचे अणू. उष्णतेने किंवा धातूच्या स्पर्शाने एखाद्या रेणूचा एक हायड्रोजन निसटतो. उरलेला रेणू अपुरा, अस्वस्थ होतो. त्याला मुक्त मूलक म्हणतात. तो तेलात विरघळलेला ऑक्सिजन ताबडतोब पकडतो. पण तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. तो शेजारच्या चांगल्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. स्वतः शांत होतो आणि हायड्रोपेरॉक्साइड नावाचा पदार्थ बनतो, पण शेजारी आता अस्वस्थ झालेला असतो. मग तो त्याच्या शेजाऱ्याकडे वळतो. उधारी चुकवायला दुसरी उधारी काढावी, तसे हे चालते.

इथवर एकाचे एकच होते. खरी आपत्ती पुढे आहे. जमलेले हायड्रोपेरॉक्साइड उष्णतेने फुटते आणि त्याच्या एका रेणूतून दोन नवी मुक्त मूलके निघतात. म्हणजे एकाची दोन, दोनाची चार. सरळव्याजाचे चक्रवाढ व्याज होते. लोखंड आणि विशेषतः तांबे ह्यांचे सूक्ष्म कण हे फुटणे फार सोपे करतात. ते स्वतः खर्च होत नाहीत, नुसती घाई लावतात. म्हणून त्यांना उत्प्रेरक म्हणायचे. तेल थंड करण्यासाठी जो कूलर बसवतात, त्याच्या नळ्या पुष्कळदा तांब्याच्याच असतात, ही त्यातली गंमत. कूलर गळून तेलात पाणी गेले तर तांबे, लोखंड, पाणी आणि हवा अशी सर्व पाहुणेमंडळी एकत्र जमतात.

साखळीच्या शेवटी अल्डिहाइड, कीटोन आणि सेंद्रिय आम्ले तयार होतात. अण्णांच्या नाकाला जाणवला तो वास ह्याच मंडळींचा. आम्ले बेअरिंगचे मऊ धातू खातात. पुढे हे पदार्थ एकमेकांना जोडले जाऊन मोठमोठे रेणू होतात आणि तेल घट्ट होऊ लागते. म्हणजे त्याची श्यानता वाढते. आणखी पुढे ते तेलात विरघळून राहू शकत नाहीत, आणि धातूच्या पृष्ठभागावर वॉर्निश म्हणून किंवा टाकीच्या तळाशी काळा गाळ म्हणून बसतात.

सुटीनंतरच्या सकाळीच प्रेस का अडकली, ह्याचे उत्तरही इथेच आहे. गरम तेल हे चिकट पदार्थ बऱ्याच प्रमाणात विरघळवून ठेवते. यंत्र बंद झाले, तेल गार झाले, की ते बाहेर पडून धातूवर बसतात. गरम पाकातली साखर गार झाल्यावर भांड्याच्या कडेला धरते तसे. स्पूल आणि त्याच्या घराच्या भिंतीत फट असते काही मायक्रॉनची. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. तेवढ्या फटीत वॉर्निशचा थर आला की दांडा हलणार कसा?

ह्याच घडामोडीवर आपण आनंदाने पैसेही खर्च करतो, हे जाता जाता सांगते. क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल लावतात, चित्रकार तैलरंग वापरतात, सुतार लाकडाला रोगण देतो. तिथे तेलाने हवेतील ऑक्सिजन घेऊन कडक पापुद्रा धरावा, हीच अपेक्षा असते. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी ढिगाने टाकू नयेत. ऑक्सिडीकरणाची उष्णता आत साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात.

आता उष्णतेचा हिशेब. ठोकळ नियम असा, की तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग दुप्पट होतो, म्हणजे तेलाचे आयुष्य निम्मे. समजा, एखादे तेल ६० अंशांना ८,००० तास टिकते. ७० अंशांना ते ४,००० तास टिकेल, ८० ला २,००० आणि ९० ला १,००० तास. एका पाळीत वर्षाला सुमारे २,४०० तास यंत्र चालते असे धरले, तर पहिले तेल तीन वर्षांहून अधिक गेले आणि शेवटचे पाच महिन्यांत संपले. तेल तेच, बॅरल तेच. आमच्या कूलरच्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार साचून पाण्याचा रस्ता निम्मा बुजला होता. तेल नेहमीपेक्षा बरेच जास्त तापत होते. कोमट तर ते मुळीच नव्हते. टाकीला तापमापक आहे; मी एकदा उठून पाहिले असते तर कन्नड कच्चे असूनही भागले असते.

उलट जलविद्युत केंद्रातील टर्बाइनचे तेल थंड राहते, म्हणून ते वीस-वीस वर्षे वापरता येते. मोटारीच्या इंजिनातले तेल मात्र काही हजार किलोमीटरमध्ये टाकावे लागते. इंजिनाच्या तळटाकीत ते ९० ते १२० अंशांच्या आसपास असते, पण पिस्टनच्या वरच्या रिंगपाशी त्याचा पातळ थर २०० अंशांहून अधिक तापतो. शिवाय जळलेल्या वायूंतील नायट्रोजनची ऑक्साइडे, न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, काजळी हे सर्व तेलातच उतरते. डिझेल इंजिनाचे तेल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे पडते, आणि लोक म्हणतात तेल खराब झाले. तसे नाही. ती बहुतेक काजळी असते, आणि ती तरंगत ठेवणे हे त्या तेलाचे कामच आहे. काळा रंग म्हणजे खराबी, ही समजूत इंजिनाला लावू नये. हायड्रॉलिक तेलात काजळी नसते, तिथे मात्र मधाचा रंग चहासारखा झाला की शंका घ्यावी.

हायड्रॉलिक यंत्रात आणखी एक चमत्कार घडतो. टाकीतली पातळी खाली गेली किंवा पंपाकडे जाणाऱ्या नळीचा सांधा सैल झाला, की तेलात हवेचे बुडबुडे जातात. पंपात ते क्षणार्धात दाबले जातात. हवा एकदम दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना हाताला हे कळते. ह्या बुडबुड्यांभोवतीचे तेल त्या क्षणी इतके तापते की डिझेल इंजिनात इंधन पेटावे तसे तेही जळू शकते. तापमापक बिचारा साठच दाखवत असतो.

तेलाला ह्या सगळ्याविरुद्ध काही बचाव नाही का? आहे, आणि वाणिज्यवाल्यांना तो चटकन कळेल. कारखानदार तेलात प्रतिऑक्सिडीकारके मिसळून देतात. फिनॉल आणि अमाइन ह्या दोन कुळांतील पदार्थ अस्वस्थ मूलकाला स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतात. स्वतः मात्र अस्वस्थ होऊन पुढे धावत नाहीत, साखळी तिथे तुटते. घरच्या गोड्या तेलाच्या पिशवीवर 'आय.एन.एस. ३१९' छापलेले कधी पाहिले असेल, तो ह्याच फिनॉल कुळातला. दुसऱ्या प्रकारचे पदार्थ हायड्रोपेरॉक्साइडच फोडून निरुपद्रवी करतात. जस्त, गंधक आणि फॉस्फरस असलेले झेडडीडीपी हे त्यांतले प्रसिद्ध. ते १९४० च्या दशकापासून इंजिनतेलात वापरात आहे, आणि ते धातूची झीजही थांबवते.

पण हे सर्व पदार्थ आपले काम करताना स्वतः संपतात. हा राखीव निधी आहे. निधी शिल्लक असेतोवर नफातोटा पत्रकात काहीच दिसत नाही: रंग ठीक, श्यानता ठीक, आम्लता ठीक. निधी संपला की थोड्याच काळात सगळे एकदम बिघडते. जिनीव्हाच्या निकोला-थिओडोर द सॉस्यूर ह्या शास्त्रज्ञाने सुमारे १८२० मध्येच हे अक्रोडाच्या तेलावर पाहिले होते. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या थराने आठ महिन्यांत आपल्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट ऑक्सिजन घेतला, आणि त्यानंतरच्या अवघ्या दहा दिवसांत साठपट! यंत्राचा घसारा आपण सरळ रेषेने काढतो, दरवर्षी सारखा. मी तेलालाही मनातल्या मनात तसेच धरले होते. 'गेल्या महिन्यात ठीक होते, म्हणजे ह्या महिन्यात थोडेसेच कमी ठीक असेल.' तेल सरळ रेषेत बिघडत नाही.

कमी पडेल तेवढे नवे तेल वरून घालण्याची माझी युक्तीही ह्याच कारणाने फसली. जुन्या तेलात हायड्रोपेरॉक्साइड आणि धातूचे कण तयारच असतात. नव्या तेलाचा राखीव निधी जुन्याची देणी फेडण्यात संपतो. बुडीत पेढीत नवा भागीदार आपले भांडवल घेऊन यावा, तसे. म्हणून तेल बदलतानाही नुसती टाकी रिकामी करून भागत नाही. नळ्या, सिलिंडर, कूलर ह्यांत राहिलेले जुने तेल काढावे लागते, टाकी आतून पुसावी लागते. अण्णांनी दोन दिवस तेच केले. आतली भिंत पुसायला त्यांनी सुटे धागे न निघणारे कापड मागितले तेव्हा मी कापडाच्या भावावरून कुरकुरले नाही.

निधी किती उरला, हे मोजता येते. प्रयोगशाळेत तेलाचा नमुना पाणी आणि तांब्याची तार ह्यांसह बंद भांड्यात घालतात, आत ऑक्सिजन भरतात आणि १५० अंशांना फिरवत ठेवतात. तेल ऑक्सिजन खाऊ लागले की भांड्यातला दाब उतरतो. तो ठरावीक उतरायला किती मिनिटे लागली, हे मोजायचे. टर्बाइनच्या तेलाबाबत हा आकडा नव्या तेलाच्या चौथाईवर आला की ते बदलण्याची तयारी करावी, असा संकेत आहे. दुसरी चाचणी आम्लांकाची: एक ग्रॅम तेलातले आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते. ही स्वस्त आहे, पण आम्ल वाढलेले दिसते तेव्हा निधी बहुधा संपत आलेला असतो. इंजिनतेलात उलट मुद्दाम अल्कधर्मी पदार्थ घातलेले असतात, आणि ते किती शिल्लक आहेत हे पाहतात.

सहा माणसांच्या कारखान्याला दर महिन्याला प्रयोगशाळा परवडत नाही, हेही खरे. पण काचेची बाटली परवडते. नव्या तेलाची एक बाटली कपाटात, अंधारात ठेवायची आणि चालू तेलाची तिच्याशेजारी धरून रंग पाहायचा. तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकायचा. तडतडला तर तेलात पाणी आहे. आणि वास घ्यायचा.

काढलेल्या तेलाचे काय करायचे, हा प्रश्न मी आधी कधी विचारला नव्हता. 'भंगारविक्री, किरकोळ उत्पन्न' अशी नोंद करून मोकळी होत असे. वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडते. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन शुद्ध व्हावे ह्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवरही टाकण्यात आली आहे. असे तेल भट्टीत जाळले जाते किंवा गटारात जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. वास्तविक ऑक्सिडीकरणाने त्यातला लहानसाच भाग बिघडलेला असतो. तो आणि इतर घाण काढून टाकली तर उरलेल्या तेलातून पुन्हा चांगले मूळ तेल मिळते.

आता माझ्या वहीचा आकडा. तेल बदलणे पुढे ढकलून मी एका बॅरलची किंमत वाचवली. चार दिवसांची बंद प्रेस, नवा व्हॉल्व्ह, सफाई आणि उशिराबद्दल कापलेली रक्कम मिळून त्याच्या साडेतीनपट खर्च आला, आणि बॅरल शेवटी घ्यावे लागलेच. कूलरच्या नळ्यांतला क्षार काढायला मात्र ह्या सर्वांच्या मानाने चिल्लर लागली. ते काम वर्षभर कोणीच केले नव्हते, कारण त्याला माझ्या वहीत खातेच नव्हते. आता आहे.

ऑफिसच्या कपाटात आज सात बाटल्या आहेत, प्रत्येकीवर महिन्याची चिठ्ठी. चिठ्ठ्या मी दोन्ही भाषांत लिहिते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी अण्णा नवी बाटली भरून आणतात, बूच काढून आधी स्वतः हुंगतात आणि मग माझ्यापुढे धरतात. सातवीत मला अजून काही फरक जाणवत नाही. मागच्या खेपेला अण्णा मात्र जरा थांबले, दुसऱ्यांदा हुंगले, आणि उठून कूलरच्या पाण्याला हात लावून पाहून आले.